पाराकाकांचा वार्षिक गोषवारा

“बेरीज चुकतेय,” पाराकाका म्हणाले.

“मग जेवून करा,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “पोटात भर पडली की बेरजेतही पडेल.”

“अगं, नोंदी एकशे अठरा आहेत. पण नावांची यादी केली तर एकोणऐंशीच भरतात. मधल्या एकोणचाळीस गेल्या कुठे?”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. बेरीज चुकणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता आणि गुन्हेगार सापडल्याशिवाय ते जेवायला उठणार नव्हते. काकू ओल्या हातांनी दारापर्यंत आल्या, टेबलावरच्या उघड्या वहीकडे क्षणभर पाहिलं आणि परत आत गेल्या.

काका हवामान केंद्रात निरीक्षक होते. चौतीस वर्षं. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच या दोन वेळांना जगबुडी आली असती, तरी त्यांनी आधी अंगणातल्या पांढऱ्या झडपांच्या पेटीपुढे उभं राहून पारा वाचला असता आणि मग ते बुडाले असते. पारा वाचायचीही रीत होती. आधी दशांश वाचायचा, मग अंश, कारण माणूस जवळ गेला की त्याच्या अंगच्या उबेने पारा हलतो आणि हलतो तो आधी दशांशात. या पाऱ्यावरूनच त्यांना पाराकाका हे नाव पडलं. काकूंचं म्हणणं असं, की नाव स्वभावावरूनही पडलंच असतं, केंद्राचं नुसतं निमित्त झालं.

दुसरी रीत याहून कडक होती. कालचा आकडा बघून आजचा लिहायचा नाही. काल तीस होतं हे डोळ्यांनी पाहिलं, की आज एकतीस असलं तरी हात तिसाकडे ओढ घेतो. म्हणून काका आधीच्या ओळींवर पुठ्ठ्याची एक पट्टी ठेवायचे आणि मगच नवी ओळ लिहायचे. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ही पट्टी शिकवली. बऱ्याच जणांनी काकांची पाठ वळताच ती खिडकीबाहेर भिरकावली. काकांनी मात्र निवृत्तीच्या दिवशी स्वतःची पट्टी पिशवीत घालून घरी आणली.

निवृत्त झाल्यावर कुणी बाग करतं, कुणी नातवंडं सांभाळतं, कुणी बायकोला स्वयंपाक शिकवायला जातं आणि अपमान करून घेतं. काकांनी वेगळंच खूळ डोक्यात घेतलं. साडेपाचच्या नोंदीपायी त्यांनी जन्मभर सिनेमे फक्त मध्यंतरापर्यंत पाहिले होते. दुपारच्या खेळाला दोघं बरोबर जायची, मध्यंतराला काका उठून केंद्रावर पळायचे आणि पुढे काय झालं ते रात्री जेवताना काकू सांगायच्या. पुस्तकांचंही तेच. थोरामोठ्यांच्या ग्रंथांची नावं ऐकून पाठ होती, आत काय लिहिलंय ते देव जाणे. अशातच कोपऱ्यावरचं सीडीचं दुकान बंद झालं आणि दुकानदाराने जुन्या कृष्णधवल सिनेमांची दोन खोकी काकांच्या गळ्यात मारली. “घेऊन जा काका, नाहीतर भंगारात घालतो,” तो म्हणाला. काकांनी त्याच दिवशी वाचनालयातही नाव घातलं. वर्षभर आठवड्यातून दोनतीनदा एखादा जुना सिनेमा बघायचा, नाहीतर एखादा गाजलेला ग्रंथ उघडायचा, आणि वर्ष संपलं की केंद्रात करत तसा वार्षिक गोषवारा लिहायचा, असं त्यांनी ठरवलं. वही आखली. रकाने पाच: तारीख, नाव, सुरू, समाप्त, निरीक्षण.

वर्ष मोठं सुखाचं गेलं. टोप्या घातलेले नायक धुराच्या गाड्यांनी निघून गेले, पत्रं उशिरा पोचली, भल्या माणसांवर खुनाचे आळ आले आणि शेवटी निघाले. पुस्तकांतले राजे शहाण्यांचं ऐकेनात आणि चारशे पानं गेल्यावर पस्तावू लागले. काका मागच्या ओळींवर पट्टी ठेवून निरीक्षणाच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहीत गेले. ‘नायक मूर्ख, पण प्रामाणिक.’ ‘खलनायकाचा आवाज उत्तम. निकाल त्याच्या बाजूने लागायला हवा होता.’ ‘राजाला एक चांगला हेडक्लार्क असता तर हे पुस्तक शंभर पानांत आटपले असते.’ काकू शेजारी बसून बघत, ऐकत आणि काका हसले की हसत. लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर आपल्याला बायकोशी बोलायला इतके विषय सापडतील, असं काकांना कधी वाटलं नव्हतं.

गेल्या सप्टेंबरअखेर सुरू झालेल्या त्या वर्षाचा आज, शनिवारी, शेवटचा दिवस होता. आणि गोषवारा आजच संपवायला हवा होता, कारण सोमवारपासून काका पुन्हा कामावर निघाले होते. बंदरावरच्या केंद्रातला निरीक्षक शस्त्रक्रियेसाठी तीन महिने रजेवर गेला होता. तिथले प्रमुख म्हणजे काकांच्या हाताखाली शिकलेले धाकटे साहेब. त्यांनी स्वतः पत्र पाठवून विचारलं होतं, सर, याल का? दुपारी बारापासून अंधार पडेपर्यंत एकट्याने बसायचं. हवेचा दाब लागोपाठ आणि भराभर उतरू लागला, की बंदराच्या कचेरीत एक फोन करायचा. मग खांबावर वादळाची खूण चढते आणि होड्या समुद्रात जात नाहीत. त्या एका फोनवर चारशे होड्या होत्या. काकांनी पत्र वाचलं आणि ते दहा वर्षांनी लहान झाले.

काकू मात्र तेव्हापासून काही ना काही कारण काढत होत्या. “समुद्राचा वारा तुम्हाला सोसत नाही.” मग, “इतक्या लांब एकटे कसे जाणार?” मग, “लोक म्हणतील, पेन्शन पुरत नाही वाटतं.” काकांना वाटलं होतं, हिला एकटीला घरात करमणार नाही, एवढंच.

बाहेर वारा पूर्ण पडला होता. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेला कपडा हलत नव्हता. काकांनी पट्टी बाजूला काढून ठेवली, वही पहिल्या पानापासून उघडली आणि नावांच्या यादीपुढे एकेक रेघ ओढायला सुरुवात केली. वर्षभरात मागची पानं ते आज पहिल्यांदाच नीट बघत होते.

मार्चपर्यंत सगळं सुरळीत होतं. एप्रिलमध्ये एका नावापुढे दुसरी रेघ आली. असेल, काकांनी स्वतःला सांगितलं, आवडला म्हणून परत पाहिला असेल. मग एका ग्रंथापुढे दोन रेघा झाल्या, तीन झाल्या, सहा झाल्या. सात पिढ्यांची गोष्ट सांगणारी जाडजूड कादंबरी होती ती. सहाही वेळा निरीक्षण होतं, ‘पान १ ते ३८. सुरुवात संथ, पण दमदार. पुढे वाचण्याची उत्सुकता आहे.’ समाप्तीचा रकाना सहाही वेळा कोरा होता.

 काकांनी पुढची पानं उलटली.

‘मागच्या जिन्याची किल्ली’ नावाचा एक सिनेमा होता. त्याच्यापुढे नऊ रेघा झाल्या. काकांनी नऊ नोंदी नऊ पानांवर शोधून काढल्या आणि बोट ठेवून वाचल्या. ‘प्रथमच पाहिला. घरमालकीण संशयास्पद. जिन्यावरच्या प्रसंगाने अंगावर काटा आला. ही दचकली.’ दुसरी: ‘प्रथमच पाहिला. घरमालकिणीवर लक्ष ठेवावे. जिन्यावरचा प्रसंग अंगावर काटा आणणारा. ही दचकली.’ तिसरी, चौथी, पाचवी. अक्षर काकांचंच होतं, स्वच्छ, एका रेषेत, कुठे खाडाखोड नाही. शेवटची नोंद याच मंगळवारची होती. ‘प्रथमच पाहिला. वर्ष संपता संपता एक चांगला सिनेमा हाती लागला. ही दचकली.’

त्यांनी डोळे मिटले आणि तो सिनेमा आठवायचा प्रयत्न केला. एक कंदील आठवला. त्यापुढे काही नाही.

दुसरा एखादा असता तर वही मिटून जेवायला गेला असता. पण चौतीस वर्षांची खोड अशी सुटत नाही. काकांनी दोन नोंदींमधले दिवस मोजले आणि चौकटींच्या कागदावर मांडले. एकसष्ट, चाळीस, तेहेतीस, चोवीस, सतरा, अकरा, आठ, पाच. मग ठिपके जोडले. कागदावर उतरलेली रेघ त्यांच्या चांगल्याच ओळखीची होती, वादळाआधीच्या दाबाची. सगळ्या नोकरीत अशी रेघ त्यांनी चारपाच वेळाच पाहिली होती आणि प्रत्येक वेळी जागेवरून उठून फोन केला होता. 

“अगं,” त्यांनी हाक मारली.  “अगं, जरा बाहेर ये.”

काकू आल्या आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही.

“तू नऊ वेळा दचकलीस,” काका म्हणाले.

काकूंनी ओले हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, “पहिल्यांदा खरी दचकले.”

“आणि नंतर?”

“नंतर तुम्ही तो जिना आला की माझ्याकडे बघायचात. मी दचकते का ते बघायला. मग काय करणार? दुसऱ्या वेळेला मला वाटलं, मुद्दाम लावलाय, आवडलाय म्हणून. तिसऱ्या वेळेला तुम्ही माझ्या कानात म्हणालात, ‘ही बाई काहीतरी लपवतेय बघ.’ तेव्हा कळलं मला.”

“म्हणजे जूनपासून—”

“हो.”

“जूनपासून तू माझ्याशी नाटक करतेयस!” काकांनी टेबलावर हात आपटला. पेन्सिल घरंगळत खाली पडली. “रोज समोर बसून! हसतेस काय, दचकतेस काय!”

“केलं नाटक,” काकू म्हणाल्या. त्यांचाही आवाज चढला होता. “आणि बरं केलं असणार. इतकी वर्षं हवा ओळखता, तुम्हाला कुठे ओळखू आलं?”

 रागावलेल्या माणसाला कुणी खरं उत्तर दिलं की त्याची फार पंचाईत होते. ते खाली वाकून पेन्सिल शोधत राहिले, ती पायाशीच पडली होती तरी.

“सांगितलं का नाहीस?” वर न बघता त्यांनी विचारलं.

“काय सांगू? सिनेमाच तर होता. एक सिनेमा चारदा बघितला म्हणून कुणाचं काय बिघडतंय, असं स्वतःला म्हणत गेले. गॅसपाशी मी असते. गोळ्या मी देते. बाहेर निघालात की मी चप्पल घालते. म्हटलं, दोघं मिळून एक धड माणूस होतो ना, मग झालं. आणि तुम्ही इतके खूश असायचात हो. लग्नानंतर इतकं खूश कधी बघितलं नव्हतं मी तुम्हाला.”

“आणि बंदर?”

आता काकूंच्या डोळ्यांना पाणी आलं. “बंदराचं पत्र आलं त्याच दिवशी सांगणार होते. तर तुम्ही बुटांना पॉलिश करत बसलात, गाणं म्हणत. म्हटलं, उद्या सांगू. उद्या, उद्या करत आज शनिवार आला. पण सोमवारी मी तुम्हाला जाऊ देणार नव्हते. उंबऱ्यात आडवी पडले असते. खोटं नाही बोलत.”

काका उठून खिडकीपाशी गेले. बाहेर अजून पान हलत नव्हतं. त्यांचं मन हार मानायला तयार नव्हतं, वकिलासारखं एकेक मुद्दा काढत होतं. सिनेमा लक्षात ठेवणं वेगळं आणि पारा वाचणं वेगळं. पारा समोर असतो. वही समोर असते. आकडा वाचायचा, लिहायचा, उतरला असेल तर फोन करायचा. यात आठवायचंय काय?

“हे बघ,” ते वळून म्हणाले, “कामाचं मी विसरत नाही. करायचं म्हटलेलं केल्याशिवाय राहत नाही. काल वाचनालयात पुस्तक परत करायचं होतं, केलं की नाही? भर उन्हात जाऊन आलो. तिथल्या बाईंनी शिक्का मारला. शाई वाळली होती म्हणून दोनदा मारावा लागला. म्हणाल्या, आज ऊन फार आहे, पाणी देऊ का?”

 काकूंची नजर फक्त काकांच्या खांद्यावरून मागे गेली. काकांनी वळून पाहिलं. सात पिढ्यांची कादंबरी फळीवर होती. तिच्यातून वाचनालयाचं कार्ड अर्धं बाहेर आलेलं होतं. काकांनी ते ओढून बघितलं. कालचा शिक्का नव्हता.

तो शिक्का त्यांना आत्ताही दिसत होता. पाण्याचा पेलासुद्धा दिसत होता. आणि काकांना आज सकाळपासून वाटली नव्हती एवढी भीती आता वाटली. विसरलेला माणूस निदान चाचपडतो, कुणाला तरी विचारतो. पण ज्याला आपण फोन केल्याचं स्पष्ट आठवतंय, पलीकडच्याचा आवाजही आठवतोय, तो खुर्चीत स्वस्थ बसून राहतो. दाब उतरत राहतो आणि होड्या निघतात.

त्यांनी टेलिफोनजवळची खुर्ची ओढली. काकू म्हणाल्या, “मी बोलू का त्यांच्याशी? सांगते, तब्येत बरी नाही.”

“नको. माझी नोंद मीच देतो.”

धाकट्या साहेबांनी लगेच फोन उचलला. “सर! बोला! सोमवारी गाडी पाठवू का घ्यायला?”

“आधी नोंद घ्या,” काका म्हणाले. पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. शिष्य होता, लिहून घेतल्याशिवाय ऐकणार नव्हता. “उतार सुरू आहे. आठ मापं सलग, एकदाही वर नाही. इशारा द्यावा असा उतार आहे.”

“बाप रे. कुठल्या केंद्रावरून, सर?”

“घरून. माझाच आहे. डोक्याचा.”

 काकांनी न चाचरता सगळं सांगितलं: नऊ वेळा पाहिलेला सिनेमा, सहा वेळा उघडलेलं पुस्तक, कालचा शिक्का. सांगून झाल्यावर धाकटे साहेब हळू आवाजात म्हणाले, “सर, गुरुवारी तुम्ही मला तीनदा फोन केला होतात. तिन्ही वेळा एकच विचारलंत, किती वाजता यायचं. मला वाटलं, उत्साह आहे.”

“वाटलं ते ठीक. लिहून ठेवलंत का कुठे?”

“नाही सर.”

“लिहायला हवं होतं,” काका म्हणाले. “असो. सोमवारी दुसरा माणूस बघा. आणि कितीही हुशार असला तरी त्याला एकटा बसवू नका.”

“सर, तुम्ही—”

“ठेवतो. तुमची चारच्या नोंदीची वेळ होत आली.”

त्यांनी रिसीव्हर ठेवला. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, पण आलं नाही. मग ते टेबलाशी आले आणि वहीच्या शेवटच्या पानावर गोषवारा लिहून काढला. ‘एकूण नोंदी एकशे अठरा. त्यांपैकी एकोणचाळीस पुनरावृत्ती. उपकरणात दोष. दोष निरीक्षकाने स्वतः पडताळला आहे.’ खाली तारीख घातली आणि पूर्ण सही केली. बेरीज आता जुळली होती.

काकूंनी ताटं वाढली. दोघंही चार घास जेवली. भांडी आवरून त्या बाहेर आल्या आणि नेहमीसारखं विचारायचं की नाही अशा घोटाळ्यात टीव्हीपाशी उभ्या राहिल्या.

“लाव काहीतरी,” काका म्हणाले.

“काय लावू?”

“तोच लाव. जिन्याचा. आणि हे बघ, आज दचकू नकोस. माझ्याकडे बघूही नकोस. तुला वाटेल तशी बस.”

काकूंनी सीडी घातली, पडदा अर्धा ओढला आणि सोफ्याच्या कोपऱ्यात पाय वर घेऊन बसल्या. सिनेमा सुरू झाला. एक तरुण सामान घेऊन एका उंच घराच्या दारात उभा होता, आणि दार उघडणारी बाई हसत होती. दहा मिनिटं झाली नसतील, काकूंची मान एका बाजूला कलली. तोंड किंचित उघडं पडलं. त्या गाढ झोपल्या. काका त्यांच्याकडे बघत राहिले. जूनपासून ही बाई एकदाही दुपारी झोपली नव्हती. कुठे हसायचं, कुठे श्वास रोखायचा, कुठे दचकायचं, हे सगळं लक्षात ठेवून ही जागी बसत होती.  त्यांनी उठून काकूंच्या मानेखाली उशी सरकवली आणि टीव्हीचा आवाज अगदी बारीक केला.

पडद्यावर रात्र झाली होती. घरमालकीण हातात कंदील घेऊन मागच्या जिन्यापाशी आली, तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. भिंतीवर तिची सावली तिच्या आधी वर चढू लागली. वर काय आहे ते काकांनी नऊ वेळा पाहिलं होतं. त्यांनी डोक्याला ताण दिला, दाराचा रंग, कुणाचा चेहरा, एखादा शब्द, काहीही. काही हाती लागलं नाही. उजेड एकेक पायरी वर सरकत होता. त्यांनी खुर्चीचे हात दोन्हीकडून घट्ट धरले आणि काकूंना उठवलं नाही.